घरच्या सबवूफरला कोणती स्पीकर वायर घ्यावी?

आधी सबच्या मागे बघा. त्याला स्वतःची पॉवर कॉर्ड असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या आतच असतो. मग बहुतेक वेळा स्पीकर वायर लागतच नाही. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून एक शील्डेड (आवाजात खरखर येऊ नये म्हणून जाळीचं आवरण असलेली) आरसीए केबल, म्हणजे मधे एक पिन असलेल्या गोल प्लगची ऑडिओ केबल, ओढली की झालं.

पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेला) असेल तर वायरची जाडी बघायची. ४ ओहमच्या सबला वायरचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहमच्या आत हवा. तांब्याची १.५ चौरस मिमी वायर ५ मीटर अंतराला साधारण ०.१२ ओहम देते, चालेल. १० मीटर असेल तर २.५ घ्या. स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, रोध जवळपास दीडपट. तार खरवडली की आत पांढरी दिसते. 'ऑक्सिजन फ्री' (जास्त शुद्ध) तांब्यासाठी जादा पैसे घालवू नका. प्लस-मायनस मात्र नीट जोडा, उलटं झालं तर बेस पातळ वाटतो.