तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र : तिघांचा ‘स्व’ वेगळा का, आणि खरा कोणाचा?

तुम्ही विचारलंय की बी.ए.ला तुमचे हे तिन्ही विषय आहेत, तिन्हींत ‘स्व’ या नावाचं प्रकरण आहे, तिन्ही ठिकाणी व्याख्या वेगळी आहे, मग यातली खरी कोणती मानायची? मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार असं तुम्हाला वाटेल, पण थोडं थांबा.

व्याख्या शेजारी शेजारी मांडून जुळवत बसलात तर काहीच हाती लागणार नाही, कारण त्या एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. त्यापेक्षा एक खराखुरा माणूस घ्या आणि तिघांना त्याच्याकडे बघायला लावा. मी वर्गात हेच करायचो.

माणूस आहे हेन्री मोलाइसन. जन्म १९२६, अमेरिकेतलं कनेटिकट राज्य. लहानपणापासून त्याला फिट यायची, आणि पुढे ती इतकी वाढली की काम करणं अशक्य झालं. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) बऱ्याच अंशी काढून टाकला. फिट कमी झाली, पण त्यानंतर हेन्रीच्या लक्षात नवीन काही राहीना. बालपण आठवायचं, आईवडील आठवायचे, पण अर्ध्या तासापूर्वी जेवलो की नाही हे सांगता यायचं नाही. अशा अवस्थेत तो २००८ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षं जगला. बोलायला सौम्य होता, शब्दकोडी सोडवायचा, विनोदही करायचा. आता सांगा, त्याला ‘स्व’ होता का?

आधी तत्त्वज्ञानाकडे जाऊ. ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ हे देकार्तचं वाक्य तुम्ही पाठ केलं असणारच. ते इथे फारसं उपयोगी नाही. हेन्री विचार करत होता, म्हणून तो होता, एवढं मान्य. पण कालचा हेन्री आणि आजचा हेन्री एकच कशावरून, याबद्दल ते वाक्य काही सांगत नाही. हा प्रश्न जॉन लॉकने नीट धरला. आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने यावर नवं प्रकरण घातलं. राजपुत्राची सगळी जाणीव एका मोच्याच्या शरीरात गेली, तर ती व्यक्ती राजपुत्रच म्हणायची, असं लॉक म्हणतो. तुमची जाणीव मागे जिथपर्यंत पोचते, तिथपर्यंत तुम्ही. ऐकायला पटतं. पण हे माप हेन्रीला लावून बघा. १९४० सालचा शाळकरी हेन्री आणि आजचा हेन्री एकच, कारण ते दिवस त्याला आठवतात. काल दुपारी याच खुर्चीत बसलेला हेन्री मात्र परका! कुठेतरी चुकतंय हे शेंबड्या पोरालाही कळेल.

लॉकला हा टोला हेन्रीच्या आधीच बसला होता. थॉमस रीडने १७८५ साली एक उदाहरण दिलं. शाळेत असताना फळबाग लुटली म्हणून फटके खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि उतारवयात सेनापती. अधिकाऱ्याला फटके आठवतात. सेनापतीला अधिकारीपणातला पराक्रम आठवतो, पण फटके आठवत नाहीत. लॉकच्या हिशेबाने सेनापती आणि अधिकारी एक, अधिकारी आणि मुलगा एक, पण सेनापती आणि मुलगा एक नाहीत. हे उदाहरण पेपरात जरूर लिहा.

आपल्याकडचा वाद मला याहून रंगतदार वाटतो. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, म्हणतात, जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी आता हाताने चाचपतो, हे मला कळतं. म्हणजे डोळा आणि हात यांच्यापलीकडे दोन्ही अनुभव एकत्र बांधणारा कुणीतरी हवा. इच्छेचंही तसंच. पूर्वी ज्याने सुख भोगलं त्यालाच ती वस्तू पुन्हा हवीशी वाटणार. बौद्धांना हे मान्य नाही. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यातलं एकही रथ नाही, आणि यांना सोडून वेगळा रथही नाही. रथ हे व्यवहाराला सोयीचं नाव आहे, तसंच ‘नागसेन’ हेही. या राजाला ग्रीक लोक मिनँडर म्हणत. पुढे डेव्हिड ह्यूमने १७३९ साली जवळपास हेच लिहिलं. मी आत डोकावतो तेव्हा ऊन, गारवा, प्रेम, राग असं काहीतरी सापडतं, ‘मी’ म्हणून वेगळा कधी सापडत नाही. मला ह्यूम आवडतो तो त्याच्या पुढच्या वागण्यामुळे. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, त्याने पुरवणी जोडली आणि त्यात कबूल केलं की हा उलगडा माझा मलाच समाधानकारक वाटत नाही. स्वतःच्याच सिद्धांताबद्दल असं छापून टाकणारा लेखक विरळा.

तत्त्वज्ञानाचं बळ आणि दुबळेपण एकाच जागी आहे. राजपुत्र आणि मोची यांची अदलाबदल करायला तत्त्वज्ञांना दमडी लागत नाही. मेंदूचा तुकडा खरोखर काढला की काय होतं, ते बघायला दुसरीकडे जावं लागतं.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेन्रीला एक काम दिलं. कागदावर चांदणी छापलेली, पण ती फक्त आरशात बघायची आणि तिच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, हात भलतीकडे जातो. हेन्रीला हे रोज नवीनच वाटायचं, आपण हे आधी केलंय हे त्याला ठाऊक नसायचं. पण चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. म्हणजे हात शिकत होता आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता. यावरून मानसशास्त्राने धरलेला मुद्दा असा की ‘स्मृती’ ही एकच गोष्ट नाही, त्यामुळे तिच्यावर उभा केलेला ‘स्व’ही एकजिनसी असू शकत नाही.

याच्याही पुढचं उदाहरण के. सी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅनेडियन माणसाचं. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातानंतर त्याला स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना. त्याचा स्वभावही बदलला. एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने त्याला विचारलं, तू कसा माणूस आहेस? आणि त्याच्याबद्दल हाच प्रश्न त्याच्या आईलाही विचारला. उत्तरं बरीच जुळली, आणि ती अपघातानंतरच्या बदललेल्या स्वभावाबद्दल जुळली! एकही प्रसंग न आठवता त्याला आपला नवा स्वभाव माहीत होता. लॉकने यावर काय म्हटलं असतं, मला खरंच ऐकायला आवडलं असतं.

विल्यम जेम्सचं १८९० सालचं वर्गीकरण (भौतिक स्व, सामाजिक स्व, आध्यात्मिक स्व) तुमच्या पाठ्यपुस्तकात असेलच, ते मी पुन्हा सांगत नाही. फक्त त्यातलं एक वाक्य अधोरेखित करा. माणसाला ओळखणारी जितकी माणसं, तितके त्याचे सामाजिक स्व, अशा अर्थाचं ते आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकात बसून जेम्स समाजशास्त्राचं दार उघडून ठेवतो.

आणि ते दार सताड उघडलं चिंपांझींनी. गॉर्डन गॅलप याने १९७० साली चिंपांझींना काही दिवस आरसा दिला, मग भूल देऊन भुवईवर रंगाचा ठिपका लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात बघून ते स्वतःच्या भुवईला हात लावू लागले. माणसाचं मूल हे साधारण दीड-दोन वर्षांचं झाल्यावर करतं. पण खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे. जे चिंपांझी जन्मापासून एकटे वाढवले होते, त्यांना आरशातला प्राणी म्हणजे आपणच हे कळलंच नाही. त्यांचे डोळे आणि मेंदू धडधाकट होते, कमी होती फक्त दुसऱ्या चिंपांझींची.

माझा कल सरकला तो इथे. आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं की खरा ‘मी’ आत आहे, वरची पुटं काढली की सापडेल. प्रवचनकार हे सांगतात, आणि हल्ली मोटिव्हेशनल स्पीकर तेच तिकीट लावून सांगतात. समाजशास्त्र म्हणतं, आत जे सापडेल तेही बाहेरूनच आलेलं आहे.

चार्ल्स कूली याने १९०२ मध्ये ‘आरशातला स्व’ मांडला. मी दुसऱ्याला कसा दिसत असेन याची मी कल्पना करतो, तो मला काय म्हणत असेल याची कल्पना करतो, आणि त्यातून मला अभिमान वाटतो किंवा लाज. ‘कल्पना’ हा शब्द सोडू नका, विद्यार्थी तिथेच मार्क घालवतात. समोरचा खरोखर काय म्हणतो हा इथे मुद्दा नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड याने हे मुलांच्या खेळापर्यंत नेलं. त्याने स्वतः पुस्तक लिहिलंच नाही. १९३१ मध्ये तो गेल्यावर विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९३४ साली ते निघालं. भातुकली खेळणारी मुलगी आधी आई होऊन बाहुलीला रागावते, मग बाहुली होऊन रडते. दुसऱ्याच्या जागी उभं राहून स्वतःकडे बघण्याचा तो सराव असतो. त्या सरावातून ‘स्व’ तयार होतो. आधी तयार असलेला ‘स्व’ नंतर खेळायला येत नाही.

अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाऊन बघत राहिला. डायनिंग रूममध्ये पाहुण्यांसमोर अदबीने वागणारी माणसं दाराआड आपल्या नेहमीच्या पद्धतीने वागायची. शेगडीवरच्या वाफाळत्या किटलीवर ओले मोजेसुद्धा वाळत घातलेले असायचे. यातली खरी माणसं कुठली, असं विचारलंत तर गॉफमन म्हणेल की दाराच्या दोन्ही बाजूंची.

महाराष्ट्रात हे समजायला बेटावर जायची गरज नाही. आमच्या आईच्या पिढीत लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचा. माझी एक मावशी माहेरी कुसुम, सासरी सुनंदा. माहेरी आली की तिचा आवाजसुद्धा बदलायचा, हे आम्हा पोरांना स्पष्ट जाणवायचं. ती नाटक करत नव्हती. दोन घरांनी तिला दोन माणसं म्हणून ओळखलं होतं, आणि ती दोन्ही होती. (अलीकडे सरकारी कागदांवर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव सक्तीचं झालंय. नावात कोण बसतं यावर सरकारला नियम करावासा वाटतो, हेही समाजशास्त्रच.)

पण समाजशास्त्राला पूर्ण शरण जाऊ नका. ‘स्व’ जर सगळा इतरांनीच दिलेला असेल, तर दिलेलं नाकारणारा कोण? मीडला ही अडचण दिसली होती. म्हणून त्याने ‘स्व’चे दोन भाग केले. एक समाजाची नजर आत घेतलेला, दुसरा त्या नजरेला उत्तर देणारा, आणि हे उत्तर काय येईल ते आधी सांगता येत नाही. मराठीत याचं सगळ्यात धारदार उदाहरण म्हणजे १९७८ सालचं ‘बलुतं’. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, आणि दोघे एकच आहेत. गावाने आणि जातीने ज्याला घडवलं तो दगडू, शिकून लेखक झाला तो दया. दगडूला गाडून टाकता येत नाही आणि दगडू म्हणून जगताही येत नाही. जातीने दिलेल्या ओळखीचं ओझं काय असतं, ते मला कूलीच्या आरशापेक्षा या एका रचनेतून जास्त कळलं. डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म मांडताना आत्मा नाकारला, त्याकडेही याच बाजूने बघता येईल असं मला वाटतं. माणसात जन्मजात, न बदलणारं असं काही आहे हे एकदा मानलं, की त्यावर उच्चनीच चढवणं सोपं जातं. हे माझं मत आहे, पेपरात लिहिताना जपून.

मग हेन्रीचं काय? माझं उत्तर हो, त्याला ‘स्व’ होता. त्यातला बराचसा त्याच्या डोक्याबाहेर सांभाळला जात होता. आधी आईवडील, नंतर नातेवाईक, शेवटी नर्सिंग होम. आणि दशकानुदशकं त्याच्यावर काम करणाऱ्या सुझॅन कॉर्किन, ज्यांना त्याचं आयुष्य त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो जिवंत असेपर्यंत शास्त्रीय जगात तो फक्त ‘एच. एम.’ होता, पूर्ण नाव मृत्यूनंतर जाहीर झालं. तरीही, कॉर्किन यांनी एकदा त्याला विचारलं की आरशात बघितल्यावर तुला काय वाटतं, तेव्हा तो म्हणाला, मी आता पोरगा राहिलो नाही. हे वाक्य कुणी पढवलेलं नव्हतं. म्हणून मी ‘सगळं समाजच देतो’ इथपर्यंत जात नाही.

परीक्षेपुरतं सांगायचं तर तत्त्वज्ञानाच्या पेपरात ‘तोच माणूस कशावरून’ हा प्रश्न धरा आणि लॉक, रीड, ह्यूम, न्याय, बौद्ध एवढ्यांना भांडू द्या. मानसशास्त्रात जेम्सपासून सुरुवात करून स्मृतीच्या रुग्णांकडे या. समाजशास्त्रात कूली आणि मीड यांच्यातला फरक नीट लिहा, बहुतेक जण दोघांना एकच करून टाकतात.

आणि एक गोष्ट स्वतःवर करून बघा. कून आणि मॅकपार्टलंड यांनी १९५४ साली एक साधी चाचणी काढली. ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं भराभर लिहायची. त्यांना दिसलं की लोक आधी मुलगा, विद्यार्थी, अमुक धर्माचा अशी सर्वांना कळणारी उत्तरं लिहितात, आणि ती संपली की मग ‘आळशी’, ‘आनंदी’ वगैरेंकडे वळतात. माझ्या वर्गातही क्रम साधारण हाच यायचा, फक्त आमच्याकडे गावाचं नाव फार वर असायचं. तुम्ही ही यादी एकदा कॉलेजात बसून लिहा आणि एकदा सुट्टीत घरी गेल्यावर, पहिली यादी न बघता. दोन्हींत काय फरक पडला ते इथे कमेंटमध्ये लिहिलंत तर पुढे बोलू.