‘इंडिक्ट’ नव्हे, ‘इंडाइट’

नागपुरातील विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की आय-एन-डी-आय-सी-टी असे लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, त्याचा उच्चार शिकवणीतील सर करतात तसा ‘इंडिक्ट’ करावा की मैत्रीण म्हणते तसा ‘इंडाइट’, आणि असे क्वचित भेटणारे शब्द शिकावेत कसे.

मैत्रिणीचे बरोबर आहे. उच्चार ‘इंडाइट’, आघात ‘डाइट’वर, आणि नाम ‘इंडाइटमेंट’. ‘इंडिक्ट’ हा चालणारा पर्यायही नाही. तरीही वृत्तवाहिन्यांवर तो इतक्या ठामपणे उच्चारला जातो, की बरोबर बोलणाऱ्यालाच स्वतःविषयी शंका यावी.

अर्थ थोडक्यात सांगतो. गुन्ह्याचा औपचारिक, लेखी आरोप ठेवणे म्हणजे इंडाइट करणे. दोषी ठरवणे हा त्याचा अर्थ नाही, आणि आपल्याकडे नेमकी हीच गल्लत होते. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही एवढेच ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर आरोप ठेवण्याच्या बाजूने मत दिले ते ३० मार्च २०२३ रोजी, आणि खटल्याच्या ज्युरीने त्यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले ते ३० मे २०२४ रोजी. पहिले इंडाइटमेंट, दुसरे व्हर्डिक्ट. भारतीय खटल्याविषयी लिहिताना मात्र हा शब्द वापरू नये, कारण आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही. पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, न्यायालय आरोप निश्चित करते, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा तसाच १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा यासाठीचा इंग्रजी शब्द ‘चार्ज’ हा आहे. इंग्रजी अग्रलेखांत एखादी घटना ‘व्यवस्थेचे इंडाइटमेंट’ असल्याचे म्हटलेले आढळते, तेव्हा तेथे ‘व्यवस्थेवरील जळजळीत ठपका’ एवढेच अभिप्रेत असते.

आता खऱ्या गमतीकडे येऊ. शिकवण्यांतून सर्रास सांगितले जाते, की या शब्दातील ‘सी’ सायलेंट झाला आहे. हे विधान मुळातच चुकीचे आहे, कारण मूक होण्यासाठी आधी बोलता यावे लागते. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभी असलेला ‘के’ एके काळी इंग्रज खरोखर उच्चारत असत. तो पुढे मूक झाला. ‘इंडाइट’मधील ‘सी’ इंग्रजांच्या जिभेवर कधी आलाच नाही. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून ‘एंदिते’सारख्या रूपात आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘सी’शिवायच लिहिला जात होता. लॅटिनचे वेड लागलेल्या पंडितांनी १६०० च्या आगेमागे त्याच्या पोटात मूळ लॅटिन धातूतील ‘सी’ बसवला. लेखणी बदलली, जीभ बदलली नाही. आपण ‘कान’ म्हणत राहावे आणि कोणीतरी त्याचे लेखन ‘कर्ण’ ठरवून द्यावे, तसाच हा प्रकार.

‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका, या शब्दांतील ‘बी’ची आणि ‘रिसीट’मधील ‘पी’ची हीच कथा आहे. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या १५९८ मध्ये छापलेल्या नाटकात होलोफर्निस नावाचा पंतोजी, लोक ‘डाउट’ आणि ‘डेट’ यांतील ‘बी’ उच्चारत नाहीत म्हणून संतापतो. प्रेक्षकांनी त्याला हसावे अशी नाटककाराची अपेक्षा होती. आपल्याकडे त्याला शिकवणी वर्ग काढून दिले असते.

यावर कोणी म्हणेल, की मग ‘प्रेडिक्ट’, ‘ॲडिक्ट’, ‘कॉन्ट्रॅडिक्ट’ यांतील ‘सी’ का उच्चारायचा? कारण हे शब्द इंग्रजीत लॅटिन ग्रंथांतून आले, फ्रेंच जिभेवर झिजून नव्हे. खरा तिढा ‘व्हर्डिक्ट’चा आहे. तोही पूर्वी ‘व्हर्डिट’च होता, त्यातही ‘सी’ मागाहून घुसवला गेला, पण तेथे लोक लिहिलेले वाचू लागले आणि घुसखोराला आवाज मिळाला. ‘परफेक्ट’चेही तसेच झाले. माझे मत असे, की वकिलांच्या तोंडी अखंड राहिलेला ‘इंडाइट’ जुन्या उच्चाराला चिकटून राहिला, तर ‘व्हर्डिक्ट’ न्यायालयाबाहेरच्या बोलण्यालिहिण्यातही रुळल्यामुळे अक्षरांच्या ताब्यात गेला. ‘इंग्रजी स्पेलिंगला शेंडाबुडखा नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्या विद्वानांना हे पटणार नाही, पण हात झटकणे हे स्पष्टीकरण नव्हे.

आणि तो घुसवलेला ‘सी’ ज्या धातूतील आहे, तो तर आपल्या घरातला निघतो. लॅटिन ‘दिकेरे’ म्हणजे बोलणे. त्याचा मूळ अर्थ दाखवणे, आणि संस्कृतातील ‘दिश्’ हा त्याचा सख्खा भाऊ. दिशा, आदेश, निर्देश, उपदेश हे सारे शब्द त्याच ‘दिश्’चे. न्यायाधीशासाठी असलेला लॅटिन शब्द ‘यूदेक्स’ म्हणजे कायदा सांगणारा. त्यातही हाच धातू आहे आणि त्यातूनच फ्रेंचमार्गे ‘जज’ आला. म्हणजे इंडाइटमेंट, व्हर्डिक्ट आणि जज ही एकाच कुळातील मंडळी. आणि ‘नागपूर खंडपीठाने शासनाला निर्देश दिले’ असे आपल्या वर्तमानपत्रांत छापून येते, तेव्हा त्या वाक्यातही तेच कूळ हजर असते.

राहिला प्रश्न असे शब्द शिकण्याचा. देवनागरीत उच्चार देणाऱ्या खिशातल्या कोशांवर विसंबू नये. त्यांतील अनेक उच्चार स्पेलिंगवरून अंदाजाने बसवलेले असतात. चांगल्या इंग्रजी कोशातील उच्चारचिन्हे एकदा शिकून घ्यावीत, आघात कोठे आहे ते पाहावे, आणि अक्षर व उच्चार यांचे जुळत नसेल तर शब्द कोणत्या वाटेने आला हे तेथेच वाचावे. सरावासाठी व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस हा शब्द घ्यावा. अर्थ अन्नसामग्री, ‘सी’ येथेही पंडितांनीच घातलेला, आणि उच्चार ‘व्हिटल्स’.