तुमचे प्रश्न : उपचार परवडण्यात सरकारचा वाटा किती?

प्रश्न : स्पर्धेमुळे वस्तू स्वस्त होतात. मग रुग्णालयांत स्पर्धा होऊ द्यावी, सरकारने मध्ये पडू नये, हे का चालत नाही?

उत्तर : काही ठिकाणी चालतं. चष्म्याचा नंबर किंवा दातांची स्वच्छता यांसाठी आधी दर विचारता येतो, चार ठिकाणी चौकशी करता येते. छातीत कळ आल्यावर तेवढी उसंत नसते. शिवाय कोणती तपासणी करायची, किती दिवस भरती ठेवायचं हे विकणाराच ठरवतो आणि घेणाऱ्याला ते पडताळता येत नाही. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञांनी १९६३ साली या अडचणीवर बोट ठेवलं. सरकार अजिबात नको म्हणणाऱ्यांकडे तिचं पटण्याजोगं उत्तर आजही नाही.

प्रश्न : धडधाकट माणसावर विम्याची सक्ती कशासाठी?

उत्तर : हिशेब मांडून पाहा. १,००० जणांत वर्षाला ५० जण भरती होतात आणि प्रत्येकाचा खर्च १ लाख, असं धरू. एकूण ५० लाख, म्हणजे माणशी हप्ता ५,०००. आता सर्वांत निरोगी ३०० जण बाहेर पडले. त्यांच्यातले आजारी पडणारे जेमतेम ५. उरलेल्या ७०० जणांवर ४५ लाखांचा भार, हप्ता सुमारे ६,४३०. तो पाहून आणखी २०० निघाले, त्यांच्यातलेही ५ आजारी. राहिले ५०० आणि ४० लाख, हप्ता ८,०००. नफेखोरीचा एक पैसाही न धरता ही वाढ झाली!

ही गळती थांबवायची तर सक्ती, कर किंवा भरघोस अनुदान यांपैकी काहीतरी लागतंच. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात सक्ती आणि अनुदान दोन्ही होतं. २०१९ पासून विमा न घेण्याचा दंड शून्यावर आला, तरी बाजार कोसळला नाही, कारण अनुदान चालू राहिलं. जर्मनीत १८८३ पासून कामगारांना सक्तीचा आजारविमा आहे. तेव्हा दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची असे. तिथल्या सार्वजनिक विम्यात आजही वर्गणी पगारावर ठरते, दुखण्यावर नाही.

प्रश्न : सगळं फुकट केलं तर उगाच गर्दी होणार. थोडी फी ठेवावी का?

उत्तर : फीने गर्दी घटते, पण नको ती गर्दीच घटते असं नाही. अमेरिकेत रँड संस्थेने १९७० च्या दशकात मोठा प्रयोग केला. खिशातून पैसे भरावे लागणाऱ्यांनी अनावश्यक उपचारांइतकीच गरजेच्या उपचारांनाही कात्री लावली. सरासरी माणसाचं फार बिघडलं नाही. रक्तदाब असलेल्या गरिबांचं बिघडलं. जर्मनीने २००४ मध्ये तिमाहीला १० युरो फी लावली. गर्दी फारशी हटली नाही, दवाखान्यांचं कागदकाम मात्र वाढलं, आणि २०१२ अखेर ती बंद झाली.

फी लावायचीच असेल तर लसी, गर्भवतीची तपासणी, रक्तदाब-मधुमेहाची रोजची औषधं वगळा. वर्षाची कमाल मर्यादा उत्पन्नाशी बांधा. जर्मनीत ती २ टक्के आहे, दीर्घ आजार असणाऱ्यांना १ टक्का. आणि सूट खिडकीवरच द्या. 'आधी भरा, मागाहून परत मिळेल' ही पद्धत हातात रोकड नसलेल्याच्या काय कामाची?

प्रश्न : सरकार दर बांधून देतं, तरी बिल तेवढंच का राहतं?

उत्तर : बिलातली एकच ओळ बांधली जाते म्हणून. हृदयातल्या स्टेंटचा दर उतरवला की खोलीभाडं, हातमोजे-सिरिंज आणि शस्त्रक्रियेचं शुल्क चढू शकतं. यावरचा उपाय म्हणजे आजारामागे एकच ठराविक रक्कम. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने, १९८३ मध्ये ही पद्धत आणली.

तिच्याही खोड्या आहेत. रुग्णाला लवकर घरी धाडलं जातं, साधा न्यूमोनिया कागदावर गुंतागुंतीचा होतो, एकाच उपचाराच्या दोन भरत्या दाखवल्या जातात. म्हणून ३० दिवसांत पुन्हा भरती झालेल्या रुग्णांची वेगळी छाननी हवी आणि काही केसपेपर न सांगता उचलून तपासायला हवेत. मात्र दर ठरवताना पगार, औषधं, यंत्रांची झीज आणि रिकाम्या खाटांचा खर्च धरला नाही, तर रुग्णालय वरचे पैसे गुपचूप मागतं किंवा 'बेड नाही' म्हणतं. सरकारकडून पैसे सहा-सहा महिने अडकले तरी तेच घडतं. आमच्या मते चांगल्या योजना बुडण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

प्रश्न : नवी योजना जाहीर झाली की आधी काय पाहावं?

उत्तर : भरती न होता घेतलेली औषधं त्यात आहेत का, ते. मोठी रक्कम जाहिरातीत छान दिसते, पण दीर्घ आजारात महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्याच घर पोखरतात. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक पैसा उपचारांवर खिशातून जाणं ही धोक्याची रेषा जगभर मानली जाते. योजनेनंतरही तुमचं घर त्या रेषेच्या वर राहत असेल, तर कार्डावर छापलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही.