गॅस पाइपलाइन शेतातून जाताना : पंचनामा, मोबदला आणि वरची माती

प्रश्न : आमच्या शिवारातून नैसर्गिक वायूची मोठी पाइपलाइन जाणार आहे. माझ्या साडेतीन एकरांत मधोमध खुणा रोवल्या आहेत, पट्टा 30 मीटरचा म्हणतात. अर्ध्या रानात सोयाबीन-हरभरा, अर्ध्यात सात वर्षांची संत्र्याची बाग. गावात कुणी म्हणतं जमीन गेली, कुणी म्हणतं समृद्धी महामार्गासारखा भाव मिळेल. काय करावं? (याच लाइनवरच्या आणखी दोघांनी विचारले आहे. एकाला पट्ट्यात विहीर पाडायची आहे. दुसऱ्याच्या रानात पाइप पुरून झाला, पण तिथे पीकच धरत नाही.)

उत्तर : आधी मनातली भीती काढा. जमीन जात नाही, सातबाऱ्यावर तुमचेच नाव राहते. 1962 च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याखाली फक्त ‘वापर हक्क’, म्हणजे जमिनीखाली पाइप टाकण्याचा आणि त्याची देखभाल करण्याचा हक्क, घेतला जातो. आणि म्हणूनच समृद्धीचा भावही मिळत नाही. तिथे जमीन विकत घेतली होती, इथे ती तुमच्याकडेच राहते. ज्या तुकड्यावर वॉल्व्ह स्टेशन (वायू बंद-चालू करण्याचे ठाणे) उभे राहील तो मात्र विकत घेतला जातो. त्याची बोलणी वेगळी करा, पट्ट्याच्या हिशेबात ती मिसळू देऊ नका.

मोबदला दोन वाटांनी येतो. एक, पट्ट्यातल्या जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, तोही पहिल्या अधिसूचनेच्या (राजपत्रातल्या सरकारी जाहीरनाम्याच्या) दिवशीचा भाव धरून. तुमच्या रानात पट्टा 100 मीटर लांब असेल तर साधारण 30 गुंठे भरतात. एकरी 12 लाख भाव धरला, तर त्या जमिनीची किंमत 9 लाख आणि हाती येणार 90 हजार. आकडा ऐकून निराशा होते, हे मला माहीत आहे. पण खरी रक्कम दुसऱ्या वाटेत आहे : उभे पीक, झाडे, रानाचे दोन तुकडे पडल्याने होणारी अडचण, ठिबक, बांध आणि बुडालेले उत्पन्न. ही भरपाई पंचनाम्यावर ठरते. माझ्या पाहण्यात शेतकऱ्याचे पैसे भावात कमी आणि पंचनाम्यातच जास्त बुडतात.

तेव्हा ई-पीक पाहणीत बाग नोंदवली आहे का ते आजच बघा. सातबाऱ्यावर ‘सोयाबीन’ आणि रानात संत्री, असे असेल तर सांगणार काय? प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घाला, फोटो काढा, मागच्या दोन-तीन बहारांच्या आडत पट्ट्या जपून ठेवा. फळझाडांच्या मूल्यांकनासाठी कृषी विभागाचे मत घ्या, असे लेखी मागा. वापर हक्क गेलेल्या पट्ट्यात पुन्हा झाड लावता येत नाही. म्हणून मूल्य एका बहाराचे न धरता झाडाच्या उरलेल्या उत्पादक वर्षांचे धरा, असा आग्रह धरा. ठिबकची सबमेन कुठून जाते, जुनी चारी कुठे आहे, हेही पंचनाम्यात लिहून घ्या. कोऱ्या किंवा पेन्सिलने भरलेल्या कागदावर सही नको, मग पंचनाम्याला आलेला माणूस कितीही गोड बोलो.

त्याही आधीची पायरी हरकतीची. अधिसूचनेनंतर हरकतीला 21 दिवस मिळतात, ते कुठून मोजायचे हे अधिसूचनेतच छापलेले असते. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी द्या, पोच घ्या, सुनावणी मागा. स्वतः बोलता येते किंवा वकील देता येतो. मात्र मागायचे काय, ते नीट ठरवा. 2013 मध्ये तमिळनाडू सरकारने गेल या सरकारी गॅस कंपनीला लाइन शेतातून न नेता महामार्गाच्या कडेने न्यायला सांगितले होते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीचीच बाजू टिकली. आपल्याकडे गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइन समृद्धीच्या कडेने आली, पण तो निर्णय आखणीच्या वेळचा. लाइन आखून झाल्यावर ‘अख्खी लाइन दुसरीकडे न्या’ ही मागणी सहसा चालत नाही. ‘माझ्याच गटात लाइन बागेतून काढून सोयाबीनच्या बाजूने, बांधाला धरून घ्या’ ही मागणी नकाशा काढून दिली तर ऐकली जाऊ शकते. लाइन शेजाऱ्याच्या गटातून पुढे जाते, तेव्हा अर्ज त्याच्याबरोबर बसून करा. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम पटली नाही, तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

विहिरीबद्दल : नाही. पट्ट्यात विहीर, शेततळे, बांधकाम, झाड यांपैकी काहीच नवे करता येत नाही. हंगामी पिके बिनधास्त घ्या. पाइप किमान एक मीटर खाली असतो, नांगराला तो लागत नाही. जेसीबी मात्र न विचारता आत घालू नका. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल पट्ट्यात रोवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या.

आता पीक न धरणाऱ्या रानाविषयी. हा मातीचा, म्हणजे खरा आमचा विषय. खोदताना काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र ढिगाला टाकला आणि बुजवताना मुरूम वर आला की असे होते. शिवाय जड यंत्रांनी रान दाबून टाकलेले असते, पाणी मुरत नाही. ज्यांच्याकडे काम अजून व्हायचे आहे, त्यांनी वरची फूट-दीड फूट माती वेगळी रचायची आणि शेवटी वर पसरायची, ही अट पंचनाम्याच्या वेळीच लिहून घ्यावी. वाफसा नसताना यंत्रे रानात घालू देऊ नयेत.

ज्यांच्याकडे काम होऊन गेले आहे, त्यांनी पट्ट्यातली आणि शेजारच्या चांगल्या रानातली माती वेगवेगळी तपासून घ्यावी. दोन अहवालांतला फरक हाच नुकसानीचा पुरावा. तो जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. एक पावसाळा गेला की चर खचतो आणि पाणी साचते. तेव्हा फोटो काढून कंपनीला भर टाकायला लावा, ती काळ्या मातीचीच हवी. पट्ट्याच्या कडेचे दबलेले रान उन्हाळ्यात सब-सॉइलरने (खालचा कडक थर फोडणाऱ्या अवजाराने) फोडा, पाइपावर मात्र साध्या नांगरटीवर भागवा. पहिल्या खरिपात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याला आला की गाडा, वर शेणखत द्या. पहिली दोन वर्षे त्या पट्ट्याकडून पूर्ण उताऱ्याची अपेक्षा धरू नका, आणि कमी आलेल्या उताऱ्याची नोंद दर हंगामाला ठेवा.