हात दिवसभर हलतो, मग स्मार्टवॉच त्यावर चार्ज का होत नाही?

वीज तयार होते, पण पुरत नाही. सेइकोने १९८८ सालीच हाताच्या हालचालीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं. मनगट हललं की आतलं वजन फिरतं आणि एक चिमुकलं जनित्र फिरवतं. मात्र त्या घड्याळाला फक्त काटे हलवायचे असतात, त्याचं काही मायक्रोवॅटमध्ये भागतं. स्मार्टवॉचची ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दिवसभरात संपत असेल, तर सरासरी खर्च ५० मिलिवॅटच्या घरात जातो. म्हणजे भूक हजारो पटींनी मोठी.

मी स्वतः बझरमधली पिझो चकती, म्हणजे दाब पडला की वीज देणारी चकती, बुटात टाचेखाली ठेवून पाहिली आहे. सोबत वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड आणि ती साठवणारा एक कपॅसिटर. बऱ्याच पावलांनंतर एलईडी एकदा लुकलुकला. फार आनंद झाला, पण अडचणही तिथेच समजली: चकती दाबली की व्होल्टेज भरपूर येतं, करंट मात्र नगण्य. शिवाय अशा चकत्या सेकंदाला शेकडो वेळा थरथरल्या तर जोमात काम करतात. आपलं पाऊल सेकंदाला जेमतेम दोनदा पडतं.

खरी ऊर्जा पायांत आहे. संशोधक मॅक्स डोनेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली गुडघ्यावर बांधायचं जनित्र दाखवलं. दोन्ही पायांचे मिळून सुमारे ५ वॅट. त्यातली कल्पना मला फार आवडते. पुढे झेपावणारा पाय जमिनीला टेकण्याआधी स्नायू त्याला आवरतात. त्यांचं हे आवरण्याचं काम जनित्र नेमकं त्याच क्षणी थोडं आपल्याकडे घेतं, ब्रेक लावताना विजेची गाडी बॅटरी भरते तसं. त्यामुळे वीज काढण्याचा भार चालणाऱ्याला फारसा जाणवत नाही. वजनाचा मात्र जाणवतो, कारण तेव्हा प्रत्येक पायावर दीड किलोहून जास्त बांधावं लागत होतं.

वजनाने हलक्या पर्यायांत संशोधक झोंग लिन वांग यांचं काम आहे. घासलेल्या फुग्याला केस चिकटतात, त्याच घर्षणविद्युतेवर चालणारं जनित्र त्यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलं. ते कापडातही विणता येतं, पण घाम आणि दमट हवा लागली की विद्युतभार निसटतो.

प्रकल्प करायचा विचार असेल, तर स्क्रीनचा नाद सोडा. कपॅसिटर भरला की जागा होणारा, शरीराचं तापमान मोजून चार आकडे पाठवणारा आणि पुन्हा झोपणारा सेन्सर घ्या. तो चालण्यावर चालू शकतो.