सामान्य वाचकांसाठी लिहिलेली इतिहास-विज्ञानाची पुस्तकं कितपत खरी धरावीत?

तुमचा प्रश्न असा आहे : शिक्षण कॉमर्सचं, इतिहास आणि विज्ञानावरची सोपी पुस्तकं आवडीने वाचता, पण जाणकार मित्र ‘ही वरवरची माहिती, खरा अभ्यास नव्हे’ म्हणतात. मग ती वाचावीत का, आणि त्यातलं खरं किती धरावं?

वाचावीत, आणि बिनधास्त वाचावीत. मित्रांना मायकेल फॅरेडेबद्दल सांगा. शाळा जेमतेम झालेला हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. त्यातलंच एक जेन मार्सेट या बाईंचं ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’. एक शिक्षिका दोन मुलींना गप्पांमधून रसायनशास्त्र समजावून सांगते, अशी त्याची मांडणी. सुरुवातीला ते लेखिकेच्या नावाशिवायच छापलं गेलं होतं. फॅरेडेने पुढे लिहून ठेवलं आहे, की त्या पुस्तकातली विधानं त्याने जमतील तशा छोट्या प्रयोगांनी पडताळून पाहिली, ती खरी निघाली आणि मग त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. याच माणसाने १८३१ मध्ये हलत्या चुंबकातून वीज निर्माण करून दाखवली. तेव्हा सोपं पुस्तक म्हणजे कमी प्रतीचं पुस्तक, हे मला अजिबात मान्य नाही.

पण फॅरेडेने काय केलं ते नीट बघा. पुस्तक आवडलं म्हणून त्याने ते खरं मानलं नाही. तुमच्या-माझ्याकडे प्रयोगशाळा नसते आणि इतिहासाचा तर प्रयोगही करता येत नाही. पण वाचताना ‘हे कशावरून?’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. माझ्या मते चांगलं पुस्तक ओळखायची खूण हीच. चांगला लेखक हा प्रश्न तुमच्या मनात यायच्या आत त्याचं उत्तर देतो.

मला फार आवडणाऱ्या एका पुस्तकावरच हे करून दाखवतो. डाव्हा सोबेल यांचं १९९५ चं ‘लाँजिट्यूड’. भर समुद्रात जहाजाचा रेखांश कसा काढायचा, या अडचणीची ही कथा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. निघालेल्या बंदरात या क्षणी किती वाजलेत ते कळलं, की सूर्यावरून काढलेल्या स्थानिक वेळेशी ताळा करून रेखांश मिळतो. पण डुलत्या जहाजावर, थंडी-उन्हात, अचूक चालणारं घड्याळच नव्हतं. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने, जो स्वतःही सुतारच होता, आयुष्य त्यात घातलं. ज्या वर्षाच्या जानेवारीत आपलं पानिपत झालं, त्याच १७६१ च्या नोव्हेंबरात त्याचं चौथं घड्याळ जमैकाकडे निघालं. पोहोचेपर्यंत त्यात जेमतेम पाच सेकंदांचा फरक पडला होता. हे सगळं सोबेल इतकं सुरेख सांगतात की पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही.

आता याच पुस्तकाच्या सुरुवातीला १७०७ चा एक भीषण अपघात येतो. ब्रिटिश आरमाराच्या अॅडमिरल शोवेलच्या ताफ्यातली चार जहाजं इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी खडकांवर फुटली. त्यातच ही गोष्ट आहे : एका खलाशाने ‘आपण भरकटलोय’ असं आधीच सांगितलं होतं, पण जहाज कुठे आहे याचा हिशेब ठेवण्याचा त्याला अधिकार नाही म्हणून अॅडमिरलने त्याला फासावर दिलं. अंगावर काटा येतो. पण विचारा, कशावरून? अॅडमिरलच्या जहाजावरचं कुणीही वाचलं नाही. मग ही गोष्ट किनाऱ्यावर आणली कुणी? तिला त्या काळातला पुरावा नाही, ती मागाहून जोडली गेलेली दंतकथा आहे. शिवाय वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा फक्त रेखांशात नव्हे, अक्षांशातही मोठ्या चुका दिसल्या.

तसंच खलनायकाचं. कथेत ब्रिटनचा राजखगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन हॅरिसनच्या वाटेतला काटा ठरतो. प्रत्यक्षात चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढायची त्याची पद्धतही चालणारी होती. त्यासाठी लागणारी कोष्टकं त्याने १७६७ सालापासूनची छापून दिली आणि अचूक घड्याळं परवडण्याजोगी होईपर्यंत कित्येक दशकं खलाशी तीच वापरत होते. इतिहासकारांनी या पुस्तकावर घेतलेला मोठा आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे. तरीही मी ते पुस्तक वाचा असंच सांगेन. घड्याळाची मूळ अडचण इतकी स्वच्छ समजावणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा : गोष्टीत एक माणूस फारच पांढरा आणि दुसरा फारच काळा दिसू लागला, की तिथे वाचनाचा वेग कमी करायचा.

मराठी वाचकाला ही सवय तर जास्तच हवी, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी इतिहास कादंबऱ्यांमधून घेतला आहे. कादंबरीकाराने संवाद रचणं हा त्याचा हक्कच आहे. पण तो संवाद वादात पुरावा म्हणून फेकला जातो, तेव्हा वाईट वाटतं. पानिपतापुरतं बोलायचं तर छावणीतून गेलेलं पत्र, काशीराजाची हकिकत आणि बखर या तिन्हींचं वजन एक नाही. काशीराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, लढाई त्याने जवळून पाहिली, पण ती फारसीत लिहून काढली सुमारे वीस वर्षांनी. मराठ्यांची त्या काळातली अस्सल पत्रं इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून छापायला घेतली, पहिल्याच खंडात १७५० ते १७६१ चा काळ आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ वाचाल, तर कोणतं साधन किती खरं धरायचं यावर लेखक तुमच्यासमोर झगडताना दिसेल. ते सोपं नाही. पण एकदा वाचलंत की नंतरची सोपी पुस्तकं तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचाल.

विज्ञानाच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट बघायची, प्रकाशनाचं वर्ष. टोनी जोसेफ यांचं ‘अर्ली इंडियन्स’ २०१८ च्या अखेरीस आलं. सिंधू संस्कृतीतल्या माणसांच्या जनुकांबद्दल त्यातली मांडणी इराणमधलं शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानातलं गोनूर इथल्या काही मोजक्या सांगाड्यांवर उभी होती. हरियाणातल्या राखीगढीचा निकाल सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या उत्खननाचे प्रमुख. आपल्याकडच्या उष्ण हवेत हाडांमधला डीएनए टिकत नाही, त्यामुळे साठाहून अधिक नमुने तपासून फक्त एकाच व्यक्तीचा जनुकसंच हाती लागला. त्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. या एका नमुन्यावरून, आर्य बाहेरून आले की नाही यावर, वर्तमानपत्रांनी परस्परविरोधी मथळे दिले. म्हणून म्हणतो, चांगलं पुस्तक ‘अमुक सिद्ध झालं’ एवढंच सांगून थांबत नाही. हाडं कुठली, किती जणांची, किती जुनी, हे तो लेखक सांगतो.

निवडायचं कसं? दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची पानं उघडा. टिपा आहेत का, संदर्भ आहेत का, सूची आहे का? मग तुम्हाला थोडंफार माहीत असलेल्या विषयावरचं एखादं पान वाचा. तिथेच लेखक घसरला असेल, तर अनोळखी विषयात त्याच्यावर विसंबू नका. आणि साऱ्या मानवजातीचा इतिहास एका खंडात सांगणारी जाडजूड पुस्तकं सुरुवातीला घेऊ नका. त्यात एकेका वाक्यात हजार-हजार वर्षं जातात, ‘कशावरून’ विचारायला जागाच उरत नाही. एकच विषय, एकच शोध किंवा एकच लढाई घेतलेलं पुस्तक निवडा. सुरुवात ‘लाँजिट्यूड’पासून केलीत तरी चालेल. जेमतेम दोनशे पानांचं आहे, इंग्रजी सोपं आहे आणि कुठे सावध राहायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.