इंग्रजांचा ‘चार’ आणि आपला चहा

स्पेनमधील आलिकान्ते प्रांतात राहणाऱ्या एका मराठी वाचक बाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त इंग्रज गृहस्थ राहतात आणि ते दुपारी ‘कप ऑफ चार’ घ्यायला बोलावतात. हा ‘चार’ म्हणजे आपला चहाच का, आणि इंग्लंडात आज तो शब्द कोणी वापरते का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की, उत्तर इंग्लंडातून आलेल्या एका कुटुंबाने त्यांना संध्याकाळी सहाला ‘टी’साठी बोलावले. चहाबिस्किटे असतील अशा समजुतीने त्या घरी जेवून गेल्या, आणि तिथे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ), बटाटे आणि मटार असे भरलेले ताट पुढे आले. ही फसगत भाषेची की पाहुणचाराची, असे त्या विचारतात.

आधी ‘चार’ घेऊ. हा शब्द चहाचाच आहे, मात्र त्यातल्या ‘र’ने आपण फसू नये. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात स्वरानंतर आलेला आणि पुढे स्वर नसलेला ‘र’ उच्चारतच नाहीत. ‘कार’चा ‘काऽ’ होतो, ‘फार्म’चा ‘फाऽम’ होतो. त्यामुळे एखाद्या शब्दातला लांब ‘आ’ कागदावर दाखवायचा असला की त्यांना ‘आर’ हे अक्षर जोडणे सोयीचे वाटते. म्हणजे लिहिला जातो ‘चार’ आणि ऐकू येतो ‘चाऽ’. देवनागरीत लिहिताना ‘चा’ लिहिले असते तर प्रश्नच उद्भवला नसता, कारण आपल्याकडच्या कित्येक बोलींतही ‘चा’ आणि ‘च्या’ ही रूपे सर्रास आढळतात.

हा शब्द इंग्रजीत दोनदा शिरला, आणि बरेच जण या दोन वेळांची गल्लत करतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी मजकुरात ‘चा’ हे रूप दिसू लागते. दक्षिण चीनमधील मकाव बंदरात वावरणाऱ्या पोर्तुगीजांनी तिथल्या कँटनी बोलीतला ‘चा’ उचलला होता आणि त्यांच्यामार्फत तो युरोपात पोचला. (आजचे पोर्तुगीज त्याच शब्दाचा उच्चार ‘शा’ करतात, त्या काळी त्यांच्याकडेही ‘च’ होता.) पण इंग्लंडात हे रूप रुजले नाही. डच व्यापाऱ्यांनी चीनच्याच अमॉय बंदराच्या परिसरातील बोलीतला ‘ते’ आणला, त्याचा ‘टी’ झाला आणि घरोघरी तोच राहिला. दुसऱ्यांदा ‘चा’ आला तो हिंदुस्थानातील छावण्यांमधून, गोऱ्या शिपायांच्या तोंडून. बराकींच्या व्हरांड्यात किटली घेऊन फिरणारा ‘चार-वाला’ त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. त्याच्याकडून घेतलेला चहा आणि जाड पाव यांना शिपाई ‘चार अँड वॉड’ म्हणत. आजच्या ‘चार’चा सरळ वंश या दुसऱ्या येण्याशी लागतो, असे माझे मत आहे. वाचक बाईंच्या प्रश्नातील ‘आपला’ या शब्दाला मात्र थोडी मुरड घालावी लागेल. शिपायांनी उचललेला शब्द हिंदुस्थानी भाषेतला आहे, मराठी ‘चहा’ हा त्याचा सख्खा नव्हे, चुलत भाऊ. छावणीच्या भाषेला मराठी मुलुखाची थेट देणगी हवी असेल तर ‘डूलाली’कडे पाहावे. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीत महिनोन् महिने पडून राहत; त्यांच्या डोक्यावर होणाऱ्या परिणामाला ‘डूलाली टॅप’ असे नाव पडले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द ‘वेडसर’ या अर्थाने अजून जिवंत आहे, फक्त ते गाव कोणते हे बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

आता हा शब्द वापरते कोण? परदेशी गेलेले लोक जुनी भाषा लोणच्यासारखी मुरवून ठेवतात, असा एक आवडता सिद्धान्त आहे. इथे तो अर्धाच लागू पडतो असे मला वाटते. ‘चार’ टिकला तो परदेशामुळे नव्हे, पलटणीमुळे. ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. तिची अखेरची भरती 1960 साली झाली आणि शेवटचे सैनिक 1963 साली घरी परतले. जर्मनी, सायप्रस, माल्टा, मलाया इथल्या तळांवर ज्यांनी ही वर्षे काढली, त्या पिढीच्या बोलण्यात ‘चार’ आणि ‘ब्रू’ (हेही चहाचेच नाव) पक्के बसले. चार-वाल्यांची परंपराही 1947 साली तुटली नाही. 1970च्या दशकात उत्तर आयर्लंडमधील ब्रिटिश ठाण्यांवरही दक्षिण आशियातून आलेले चार-वाले सैनिकांना चहा पाजत होते. आज हीच पिढी ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहे, आणि तिच्यातले पुष्कळ जण स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर निवृत्तीचे दिवस घालवतात. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांचा ‘चार’ इंग्लंडातही त्यांच्या वयाच्या माणसाकडून ऐकू येईल. त्यांच्या नातवाकडून बहुधा नाही. नातू ‘कपा’ (म्हणजे ‘कप ऑफ टी’चे आखूड रूप) म्हणेल किंवा ‘ब्रू’ म्हणेल. लंडनच्या पूर्व भागातला, ‘टी’शी यमक जुळवणारा ‘रोझी ली’ तर आता बराचसा थट्टेपुरताच उरला आहे.

परदेशात खरोखर जपला जातो तो शब्दापेक्षा उकळत्या पाण्याचा आग्रह. स्पेनच्या कॅफेत चहा मागितला की अनेकदा कोमट झालेले पाणी आणि बशीत वेगळी ठेवलेली पुडी येते, कधी पुडी सरळ गरम दुधातच बुडवलेली असते, आणि मग इंग्रज माणूस हताश होतो. त्याच्या मते पाणी खळखळ उकळत असताना पुडीवर पडले पाहिजे आणि दूध नंतर, थोडेसेच, पडले पाहिजे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर 1 जानेवारी 2021 पासून प्रवाशांना ब्रिटनमधून संघातील देशांत दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चहाच्या पुड्यांना ही आडकाठी नाही, त्यामुळे मायदेशाहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात त्यांना अजूनही जागा असते. मगभर, गडद, दूधसाखर घातलेल्या अशा चहाला ‘बिल्डर्स टी’ म्हणतात. मराठी माणसाला हे वर्णन ऐकून अमृततुल्य आठवेल. पण या चहात पत्ती दुधाबरोबर उकळलेली नसते आणि आल्यावेलचीचा तर प्रश्नच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, फसगत भाषेची झाली, पाहुणचार चोख होता. उत्तर इंग्लंड, मिडलंड्स, वेल्स आणि स्कॉटलंड येथील पुष्कळ घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्यांनी हा अर्थ बरोबर नेला आणि तिथे तो आजही चालतो. ओळखण्याची खूण बारीक आहे: ‘अ कप ऑफ टी’ किंवा ‘कपा’ म्हटले तर पेय, ‘युअर टी’ असे म्हटले, किंवा ‘व्हॉट्स फॉर टी’ असे विचारले, तर ताट. वेळ पाच-सहाची असेल तर भूक ठेवून जाणे इष्ट.

‘हाय टी’ हे प्रकरण याच घरातले आहे. गिरणीत किंवा खाणीत राबून आलेल्या माणसाचे मांस, पाव आणि चहा असे भरपेट संध्याकाळचे जेवण, हा त्याचा मूळ अर्थ. देशोदेशीच्या हॉटेलांनी मात्र नाजूक सँडविच आणि स्कोन यांच्या तीनमजली तबकाला ते नाव देऊन टाकले. ब्रिटनमध्ये त्याला ‘आफ्टरनून टी’ म्हणतात. मुंबई-पुण्याच्या निमंत्रणपत्रिकांवरील ‘हाय-टी’ही याच हॉटेलांच्या वाटेने आला आहे. तो आता आपला वेगळा अर्थ घेऊन रुळला असल्याने त्याला चूक म्हणण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

राहता राहिला बाईंनी ओझरता विचारलेला ‘चारवुमन’. घरकामाला येणाऱ्या बाईसाठी वापरला जाणारा हा जुना शब्द चहाशी संबंधित नाही. तो इंग्रजीतल्याच ‘चोर’, म्हणजे घरातले किरकोळ काम, या शब्दाच्या कुळातला आहे.